सोफाकाकांनी मऊ केलेलं हेल्मेट

सोफाकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच माहीत नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नाही. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा, जे जे म्हणून बसल्यावर टोचतं ते उसवायचं आणि मऊ करून परत द्यायचं, हा त्यांचा धंदा. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत बापलेक राहतात. त्यांच्या घरी गेलेला पाहुणा खुर्चीत एकदा रुतला की रुतला, हात देऊन ओढून काढावा लागतो.

लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागली आणि मोटारसायकलवरून गावभर हिंडायला लागली, तेव्हा काकांनी तिला हेल्मेट आणून दिलं. पण ते कपाळात असं रुतायचं की संध्याकाळी पोरीचं डोकं ठणकायचं. मग काय, बाईसाहेब ते आरशाला अडकवून खुशाल गाडी हाणायच्या! काका ओरडले, विनवण्या करून थकले, एकदा तर रुसून जेवलेही नाहीत. लेकीचं एकच, "बाबा, तुम्ही घालून बघा, मग बोला."

त्यांनी घालून बघितलं. त्यांच्या डोक्यावर ते खुळखुळत होतं. आता बोला! हे घट्ट म्हणायचं की सैल? काकांना काही उमगेना. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, लेक मैत्रिणीकडे गेलेली बघून, त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि अस्तर काढलं. आत काय, तर पांढरंफेक थर्मोकोल! टीव्हीच्या खोक्यात घालतात ना, अगदी तसलंच. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या डोक्याला खोक्यातला माल लावतात म्हणजे काय! त्यांनी सुरी घेतली, कपाळापासून मागेपर्यंत ते कोरून काढलं, दुकानातला सगळ्यात भारी फोम बसवला आणि वरून निळी मखमल शिवली. शिवण तर अशी, की बोट फिरवलं तरी कळू नये.

लेकीने दुसऱ्या दिवशी ते घातलं आणि तिचा चेहराच उजळला. "बाबा, डोक्यावर काही आहे असं वाटतच नाही!" त्या दिवसापासून हेल्मेट आरशावर कधी गेलं नाही. काकांची छाती फुगली. गल्लीत भेटेल त्याला ते सांगत सुटले.

त्याच भरात, जुनी स्कूटर बाहेर काढायची म्हणून ते स्वतःसाठी हेल्मेट घ्यायला गेले. दुकानात एक बाई होत्या, सर्दीने बेजार. त्यांनी काकांच्या डोक्याभोवती टेप फिरवली आणि एक हेल्मेट कचकन खाली दाबलं. काकांचे गाल वर चढून डोळ्यांना टेकले.

"दाबतंय हो!"

"गालांवर दाबायलाच हवं. डोकं हलवा. हेल्मेट मागे राहिलं नाही ना? मग बरोबर आहे. कपाळावर दुखतंय?"

"नाही."

"दुखलं असतं तर मात्र चुकीचं. म्हणजे डोक्याचा आकार वेगळा, हेल्मेटचा वेगळा."

काका चक्रावले. गालावर दाबलं तर चांगलं, कपाळावर दाबलं तर वाईट. डोकं एकच ना? त्यांच्या धंद्यात दाबणं म्हणजे दाबणं, मग ते कुठेही असो. "अहो, त्यापेक्षा आतलं ते थर्मोकोल कोरून मऊ फोम घालायचा," ते ऐटीत म्हणाले. "माझ्या लेकीचं मी तसंच केलंय."

बाईंची शिंक अर्ध्यावरच राहिली. "कोरलं? अहो, आपटल्यावर ते थर्मोकोल चेपतं म्हणून कवटी वाचते. फोम बसायला ठीक आहे. रस्त्यावर आपटलात तर त्याचा काय उपयोग?"

"पण मऊ आहे तो," काका म्हणाले. त्यांचं त्यांनाच ते कुठूनतरी लांबून ऐकू आलं. मऊ म्हणजे चांगलं, याच्यापलीकडे आयुष्यात दुसरं काही शिकलेच नव्हते ते. त्यांनी फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला.

"काय हो बाबा? कामावरून निघतेच आहे."

"ते हेल्मेट घालू नकोस!"

"म्हणजे? मग तशीच येऊ?"

"नाही नाही! तशी नको!"

"अहो, घालू की नको? नीट सांगा ना."

नीट काय सांगणार, कपाळ! घातलं तरी धोका, न घातलं तरी धोका. "गाडी तिथेच ठेव," ते कसेबसे म्हणाले. "बसने ये. हेल्मेटच्या दुकानात ये. मी घोटाळा करून ठेवलाय गं."

लेक आली, ती हेल्मेट काखेत मारून आणि भुवया उंचावून. काकांनी अडखळत सगळं सांगितलं. ती आपली एकदा बाबांकडे बघते, एकदा मखमलीकडे. बाईंनी एकामागून एक हेल्मेटं चढवून पाहिली. एक कपाळात रुतलं, एक डुलायला लागलं. मग एक लांबट आकाराचं आलं. त्यात पोरीचे गाल चेपले, ओठांचा चंबू झाला, पण कपाळ दुखेना. बाईंनी हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि हेल्मेट मागून उचलून बघितलं. निघालं नाही. "थोडा वेळ असंच बसा," त्या म्हणाल्या.

बापलेक दुकानातल्या टणक बाकावर बसली. काकांना हसू की रडू ते कळेना. त्यांनी निळ्या मखमलीचं हेल्मेट उचललं आणि कचऱ्यात टाकायला बाईंच्या हाती दिलं.

"राहू द्या ना ते, घरी नेऊ," लेक चेपलेल्या तोंडाने बोलली. "मला फार आवडायचं. तुम्ही केलंय म्हटल्यावर कशाची भीतीच वाटायची नाही, बाबा. सुसाट सोडायचे गाडी."

काकांनी तिचा हात घट्ट धरला. बराच वेळ त्यांना तो सोडताच आला नाही.