दीडशे नग

नागोठण्याला टायरचं दुकान टाकून इकबालला एकतीस वर्षं झाली. गुडघे गेले, कंबर गेली, तोंड तेवढं चालू राहिलं. गाडी हवा भरायला थांबली की हा गृहस्थ खाली बसणार, चाकाच्या डिस्कवरचा चिखल फडक्यानं पुसणार आणि कंपनीनं आतल्या बाजूला ठोकलेला, चाक पेलेल त्या वजनाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवणार. ड्रायव्हर हसायचे आणि निघून जायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्या दुपारी पेणचा आदेश पिकअप घेऊन आला. मागे पेंढ्यात बसवलेले गणपती, वर ताडपत्री, जायचं होतं रोह्याला.

"चाचा, मागं थोडी जास्त हवा मारा," तो सीटवरूनच म्हणाला.

मागची टायरं पार बसली होती. ती बघूनच इकबालला कंटाळा आला, अगदी मनापासून आला. तरी तो गुडघ्यावर हात दाबत खाली बसला.

"नऊशे," तो म्हणाला. "एका चाकाला नऊशे किलो. मागच्या दोघांचे अठराशे. त्यातले सातशे गाडीच्या स्वतःच्या अंगाचे गेले. उरले अकराशे. तू किती भरलंस?"

"दीडशे नग. दरवर्षी दीडशेच नेतो. काय होत नाय."

पेणचे ड्रायव्हर गणपती नगावर मोजतात, किलोवर नाही. देवाला काट्यावर कोण चढवणार?

"प्लास्टर की शाडू?"

"औंदा सगळी शाडू. गिऱ्हाईक तीच मागतंय."

"मग? तेवढाच गणपती प्लास्टरचा सात किलो, शाडूचा बारा. कर हिशेब."

आदेशनं मनातल्या मनात गुणाकार केला. अठराशे. मग म्हणाला, "पण चाचा, देव एकदा गाडीत बसले की वाटेत उतरवत नाय आमच्यात."

"निम्मे इथं ठेव. दुकान झाडून देतो. दुसरी खेप मार."

"त्यापेक्षा हवाच मारा ना जास्त!"

"हवेनं टायर फुगतो, लोखंड नाय."

आदेश वैतागला. "रोज सांगता हे सगळ्यांना. ऐकतं का कोण?"

"नाय ऐकत."

"मग कशाला जीव आटवता?"

इकबाल चाकाला धरून उठला. उठताना त्याला दोनदा थांबावं लागलं.

"निडीजवळ चाक तुटून गेला तो बाबाजी ड्रायव्हर ठाऊक हाय? माझा दोस्त. रोजचा चहा इथंच प्यायचा."

"ऐकलंय. तुम्ही एवढं सांगून पण ऐकलं नाय ना त्यानं?"

"त्याला सांगितलंच नव्हतं," इकबाल म्हणाला. "त्या दिवशी मी दमलेलो. खाली बसलोच नाय."

आदेश गाडीतून उतरला. त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.