दुसरा शिवदोरा

त्या वर्षी माझ्या गळ्यात दोन दोरे होते. एक माझा, लहानपणापासूनचा. पाण्याने, घामाने आणि विभूतीने तो इतका अंगाचा झाला होता की त्याचे वजन मला कधी जाणवत नसे. दुसरा नवा, पांढरा, मानेला किंचित टोचणारा. आमच्या लिंगायत घरात बाईला आठवा महिना लागला की स्वामी येतात, मंत्र म्हणतात आणि पोटातल्या जिवाचे इष्टलिंग, म्हणजे जन्मभर गळ्यात वागवायचे छोटे लिंग, शिवदोऱ्याला लावून आईच्याच गळ्यात बांधतात. मूल जन्मले की ते त्याच्या पाळण्याला जाते, पुढे त्याच्या गळ्यात. माणूस गेल्यावरही ते त्याच्यापासून सुटत नाही. मातीत बसवताना त्याच्या तळहातावर ठेवतात. म्हणून आमच्याकडे माणूस मेला असे म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला असे म्हणतात.

माझ्या मुलीच्या तळहातावर ते ठेवायचे राहून गेले.

शस्त्रक्रियेआधी नर्सने माझ्या अंगावरचे सगळे उतरवून एका रुमालात बांधले होते. त्या रुमालात दोन्ही शिवदोरे होते. मी भुलीखाली असतानाच, पोटातच थांबून गेलेले ते लेकरू कापडात गुंडाळून गावाकडे नेले गेले, आणि रुमाल माझ्या उशाशी राहिला. बायकांना वाटले, पुरुष ठेवतील. पुरुषांना वाटले, बायकांनी कापडात बांधून दिले असेल. कापड उघडून कुणी पाहिले नाही. कुणाला पाहवले नसावे. दिवस मावळायच्या आत सासऱ्यांनी आणि स्वामींनी आमच्या शेतात, बांधाच्या कडेला, तिला माती दिली.

मी शुद्धीवर आले, रुमाल सोडला आणि सवयीने दोन्ही दोरे गळ्यात घातले. काय घातले हे तेव्हा कळले नाही. कळले ते घरी आल्यावर, दूध उतरले तेव्हा. ज्याला प्यायला कुणी नव्हते ते दूध पोलक्यातून झिरपत राहिले. छातीशी काहीतरी ओले, गोडसर वासाचे, जड लागत होते. हात घालून पाहिले तर ती छोटी पुरचुंडी होती. पांढऱ्या कापडात बांधलेले तिचे इष्टलिंग माझ्या दुधात भिजले होते.

तेवढ्यात सासूबाई, ज्यांना मी अत्या म्हणते, ओव्याचा शेक घेऊन आत आल्या. माझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको, पोरी. लेकरू लिंगैक्य झालं. शिवाचं हुतं, शिवाकडं गेलं. दुसऱ्याच्या घरी न्हाय गेलं काय."

त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती की मी पुरचुंडीवर मूठ मिटली. त्या घरात प्रत्येक जण त्याच एका शब्दाला धरून उभा होता. सासरे, नवरा, भेटायला येणाऱ्या आयाबाया. आणि तो शब्द खरा नाही, हे फक्त मला ठाऊक होते.

नळदुर्गच्या पलीकडे आमचे गाव आहे. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. रजा संपल्यावर वर्गात उभी राहिले तेव्हा पुस्तकातली अक्षरे वाळूसारखी कोरडी झाली होती. कविता वाचताना माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येई. घरी तव्यावर भाकरी करपे आणि त्याचा वास मला सर्वांत शेवटी येई. आंघोळीला आधी मी दार लावून घेई, मग नवा दोरा काढून कोनाड्यात, उटण्याच्या डब्यामागे ठेवी. दुधाने ताठ झालेले ते कापड मी धुतले नाही. पदराखाली दिवसभर ते हाडाला टेकून असे.

मळ्यातल्या विहिरीवर मी तासन्तास बसू लागले. लहानपणापासून मला खोल पाण्याची भीती होती. एका दुपारी लक्षात आले की आता काही वाटत नाही. खाली पाणी हिरवे, थंड, शांत होते, आणि मला त्याची भीती राहिलेली नव्हती. भीती नसणे हेच किती भयंकर आहे, हे माझ्याआधी माझ्या नवऱ्याला कळले. तो पंपाची मोटर बघायला आला होता. त्याने माझे मनगट धरले आणि घरापर्यंत सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने धाराशिवच्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

अत्यांना हे मुळीच पटले नाही. "बोलायला धाराशिवला जायाचं? मी काय मुकी हाय व्हय? माझ्याशी बोल की, फुकट हाय. यष्टीचं तिकीट बी लागत न्हाय."

"अत्या, डॉक्टरांनीच सांगितलंय," नवऱ्याने ठोकून दिलेली थाप मी पुढे चालवली.

"पोरांना कविता शिकवतीस, आन तुला बोलायला कोण शिकवायलंय?" असे म्हणत त्यांनी शेंगाचटणीची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. "तिलाबी दे थोडी. बोलून बोलून तोंड सुकत आसंल बाईचं."

तुळजापूरला बस बदलून मी धाराशिवला जात असे. समुपदेशक बाई माझ्याहून लहान होत्या. खोली एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, खिडकीला फिकट पडदा, दोन खुर्च्या. मी त्यांना मॅडम म्हणे, त्या मला ताई म्हणत.

सुरुवातीला मी उत्तम बोलले. तोच तर माझा धंदा. पोट म्हणजे धान्य उपसलेली कणगी, दिवस म्हणजे भिजत घातलेले आणि विसरलेले कडधान्य. मी एकेक प्रतिमा त्यांच्यासमोर मांडत गेले आणि प्रत्येक वेळी परतताना आणखी रिकामी झाले. बसच्या खिडकीला डोके टेकले की काच थरथरे, दात वाजत, आणि वाटे, हेही गेले. शब्दांवर माझा शेवटचा भरवसा होता आणि त्यांनाही मला धरून ठेवता येत नव्हते.

मग एका भेटीत त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार सुंदर बोलता. मी ऐकत राहते. पण इतक्या भेटींत बाळाबद्दल एकही साधं वाक्य तुम्ही बोलला नाहीत. मुलगी होती की मुलगा, हेसुद्धा मला माहीत नाही."

"मुलगी," मी म्हणाले.

"आणि घरचे काय म्हणतात?"

"लिंगैक्य झाली म्हणतात."

"घरचं बोलताना तुमचा हात गळ्याशी जातो. दर वेळी."

मी हात खाली घेतला. काहीतरी चोरताना पकडले गेल्यासारखे तोंड तापले. उठले, नमस्कार केला आणि निघून आले. पुढचे काही आठवडे गेलेच नाही. नवऱ्याने विचारले तर म्हणाले, उपयोग नाही. आणि मला खरेच तसे वाटत होते. मला बोलते करून काय मिळणार होते? माती पुन्हा उकरणार होते का कुणी?

पण ते एक वाक्य माझ्याबरोबर घरी आले होते. आता हात गळ्याशी गेला की मला दिसू लागला. भाकरी थापताना पीठ दोऱ्याला लागे. वर्गात फळ्याकडे वळताना बोटे आपोआप तिथे जात. एवढे दिवस मी ज्याला फक्त ओझे समजत होते, त्याला मी दिवसभर चाचपत होते, झोपलेल्या मुलाचा श्वास चालू आहे ना हे पाहावे तशी.

मी पुन्हा धाराशिवला गेले. खुर्चीत बसले आणि पदराखालून दुसरा दोरा बाहेर काढला. रुमाल, दवाखाना, दूध, कापड, सगळे सांगितले, एकही उपमा न देता. कूलरचे पाणी संपले होते. नुसते पाते खडखडत होते.

मला वाटले होते त्या म्हणतील, यात तुमचा काही दोष नाही. तेच ऐकायला मी आले होते आणि तेच ऐकायची मला चीड होती. त्यांनी ते म्हटले नाही. पुरचुंडीला हातही लावला नाही. विचारले, "त्या दिवशी हे तिच्यासोबत गेलं असतं, तर आज तुम्हाला कसं वाटलं असतं?"

शांत, असे म्हणायला मी तोंड उघडले. आणि निघाले ते वेगळेच.

"मग माझ्याकडे काय राहिलं असतं?"

ते वाक्य माझे होते आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. राहून गेलेल्या गोष्टीचे दुःख मी वाहत होते हे खरे. पण ती गोष्ट राहिली याचा आधारही मीच घेत होते. तिच्या आणि माझ्या, दोघींच्या अंगाला लागलेली जगात एवढी एकच वस्तू होती. ती वस्तू सोडली असती तर मला कळले असते की मुलगी गेली. म्हणून मी कुणाला सांगत नव्हते. अत्यांची खात्री मोडेल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती की त्या म्हणतील, आण इकडे, मातीत ठेवून येऊ.

मग मी रडले. कवितेत रडतात तसे नव्हे. नाक वाहिले, उचकी लागली, आणि तोंडून माझ्या आईच्या घरातली कानडी बाहेर पडली. "नन्न कूसू, नन्न कूसू." माझे लेकरू. मराठीत हे मला कधी म्हणता आले नव्हते.

निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "काय करायचं ते ठरवायची घाई नाही, ताई. पण हे एकटीनंच वाहायचं आहे का, तेवढं बघा."

अत्यांना मी सकाळी सांगितले, त्यांची पूजा आटोपल्यावर. त्यांनी पुरचुंडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"यव्वा!" त्या एकदम म्हणाल्या. "म्हंजी लेकरू तसंच गेलं? रिकाम्या हातानं?" आणि मग, मोठ्याने, "आन तू येवढे दिस गळ्यात घालून हिंडलीस? मला दगडासारखं बोलू दिलंस? शिवाकडं गेलं, शिवाकडं गेलं, आसं येड्यावानी बोलत हुते मी, आन तू ऐकत हुतीस!"

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. संध्याकाळी सासऱ्यांना विचारले, जागा नेमकी कुठे आहे. सासरे ओटीवरूनच हात लांब करून म्हणाले, बांधाच्या कडेला, बाभळीपासून इकडे कुठंतरी. आता तिथून नांगर फिरलाय, तूर निघून गेली. मी आतल्या खोलीत कान देऊन ऐकत होते. या घरात शांत झोपणाऱ्या एकट्या अत्या होत्या, त्यांचीही झोप मी घेतली, असे वाटले. विहीर पुन्हा डोळ्यांसमोर आली. मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हटले, माझ्याजवळ बस. हे एवढे म्हणणे मला आधी येत नव्हते.

दुसऱ्या सकाळी अत्यांची हाक आली. "आन ते."

पूजेच्या पाटावर त्या ओल्या केसांनी बसल्या होत्या. डाव्या तळहातावर त्यांचे स्वतःचे इष्टलिंग होते. आमच्यात दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावत नाहीत. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या त्या बाईने जन्मभर हे पाळले होते. त्यांनी हात पुढे केला. मी पुरचुंडी सोडली. त्यांनी आतले लिंग घेऊन आपल्या लिंगाशेजारी, त्याच तळहातावर ठेवले.

"कापड बदलू नका, अत्या," मी म्हणाले. "आणि एवढ्यात मातीत नको. मला ते द्यायचं नाही."

त्यांनी ते पिवळट, ताठ कापड नाकाशी नेले. बराच वेळ तसेच धरले. "कोण म्हणालं मातीत?" त्या म्हणाल्या. "मी बी आज्जी हाय तिची." आणि दोन्ही लिंगांवर एकाच पळीने पाणी सोडले.

तेव्हापासून एक दिवस तो दोरा त्यांच्या गळ्यात असतो, एक दिवस माझ्या. मी अजून धाराशिवला जाते. विहिरीकडे एकटी जात नाही. त्या पाण्याची भीती थोडी परत आली आहे, आणि ती आली की मला बरे वाटते. दोरा त्यांच्याकडे असतो त्या दिवशी माझी मान इतकी हलकी होते की श्वास पुरत नाही. सुरुवातीला मी दुपारपर्यंतही थांबू शकत नसे. स्वयंपाकघरात जाऊन हात पुढे करी आणि त्या दोरा काढून देत. परवा दोरा त्यांच्याकडे होता. कॉलेजातून आले, वह्या तपासल्या, कणीक मळली, जेवणे झाली, आणि तो मागायचा राहिल्याचे मला भांडी घासताना आठवले. राखेने माखलेले हात तसेच गळ्याशी नेले. तिथे माझा एकच दोरा होता. मी तिला दिवसभर विसरले होते, म्हणून मोरीशी बसून पुष्कळ रडले.