संहितेत नसलेलं वाक्य

उरेन्मा लहानपणी हाती लागेल तो कागद वाचून फस्त करायची, म्हणून थोरला भाऊ ओकेझी तिला 'वाळवी' म्हणायचा. घराबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बियाफ्राच्या यादवी लढाईत तो लढायला गेला तो गेलाच. ना प्रेत आलं, ना निरोप. आई म्बाफोर रोज त्याच्या वाटणीचा उकडलेला याम-कंद झाकून ठेवू लागली.

उरेन्मा पुढे एनुगू शहरात मास्तरीण झाली, कादंबऱ्या लिहू लागली. प्रत्येक कादंबरीत कुणीतरी घराकडे निघालेला असे. पोचत मात्र नसे. मग तिचं पहिलं नाटक रंगमंचावर आलं. त्यात सैनिकाचं काम बेनिनहून आलेल्या ओसारो नावाच्या नटाकडे होतं. शेवटच्या अंकात तो बोलता बोलता थांबला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या उरेन्माकडे बघून म्हणाला, "ए वाळवी, दिवा घालव आता."

तिने असं काही लिहिलंच नव्हतं.

पडदा पडल्यावर तिने त्याला विंगेत गाठलं. "ते वाक्य कुठनं आणलंस?"

"कुठलं, मॅडम? तुम्ही लिहिलंय तेच बोललो."

"वाळवी म्हणालास तू."

"मी?" ओसारो हसला. "झोप काढा जरा. तालमींनी पार पिट्टा पडलाय तुमचा."

पण प्रयोगात तिच्या शेजारी बसलेल्या आईनेही ते ऐकलं होतं. घरी पोचल्यावर तिने झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहून लिहून सारखी हाका मारतेस ओकेझीला, पोरी. दमलाय तो. जाऊ दे."

"आणि तू रोज वाढून ठेवतेस ते?"

"मीही थांबवते ते."

भाऊबंदांना बोलावून त्यांनी प्रेताच्या जागी केळीचा खुंट ओकेझीच्या सदऱ्यात गुंडाळला आणि अंगणात पुरला. "नऊ वर्षं झोपला होतात काय गं?" चुलता करवादला, पण पहिली माती त्यानेच लोटली. आईने टाहो फोडला. उरेन्माला रडूच येईना.

पुढे ती लंडनला गेली. तिथे तिची तीन नाटकं गाजली. त्यांत घराच्या वाटेवरचं कुणी नव्हतं. तालमीला ती अगदी मागे, अंधारात बसायची. नट एकेक शब्द लिहिल्याबरहुकूम बोलायचे. सगळे निघून गेले तरी ती कान देऊन तशीच बसलेली असायची.