सुखात आहे असं मी म्हणाले नाही

फौजेतल्या माणसांच्या घरोघर जाऊन 'तुमचं कसं चाललंय' असं विचारणारी एक बाई शहरातून येणार आहे, हे शाळेचे मास्तर सांगून गेले, आणि आमच्या घरात मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखी धांदल उडाली. बांगलादेशाच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता तो. भालकीजवळचं आमचं खटकचिंचोळी, मुलूख कन्नड पण गाव मराठी बोलणारं; तिथं आमच्या गल्लीत फौजेतली तीन घरं. दुकानदाराकडून मागून आणलेली एकच खुर्ची तिन्ही घरी फिरणार होती. रेडिओ शेजारच्या अक्काचा. सासूबाई इरकल नेसल्या, मला लग्नातलं लुगडं नेसायला लावलं. चुरमुऱ्यांचा सुशीला फोडणीला पडला.

त्या बाईंचा अभ्यास चालला होता म्हणे. शिपाई आणि त्यांची बायकापोरं कशी राहतात, काय सोसतात, याचा. पण आमच्याकडं 'विचारायला आलेत' म्हटलं की वरून कोणीतरी तपासायला आलं, असंच धरतात. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सकाळीच बजावलं.

"काय बी इचारलं तर सुखात हाव म्हनायचं. शबूद जास्त गेला तर पोराची नौकरी जाईल."

"आन् सुखात नसलं तर?" मी सासूबाईंना विचारलं, उत्तर मामांनी दिलं.

"तरी बी हाव म्हनायचं."

मामा भित्रे नव्हते, हे आधीच सांगते. ज्या चावडीपुढं त्यांची अर्धी हयात उभ्यानं गेली, तिथं मुलगा फौजेत गेल्यावर लोक त्यांना 'बसा' म्हणाले. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आमची मान वर झाली, पण गावानं सतरंजी पुढं सरकवली ती त्या हिरव्या कपड्यांकडं बघून. ते कपडे घरातून जाऊ नयेत, एवढाच त्यांचा जीव.

माझा जीव दुसरीकडं अडकला होता. हे रजेवर आले होते, आणि लढाईहून आलेला माणूस पहिल्यासारखा राहिला नव्हता. आठवड्यापूर्वी शेजारणीच्या हातून भरली कळशी फरशीवर पडली. त्या आवाजासरशी यांनी आमच्या तीन वर्षांच्या लेकीला झडप घालून खाली दाबलं आणि स्वतः वर पडले. तिला वाचवत होते हो ते. पण पोरीचा ओठ फाटला, आणि हे भिंतीला टेकून थरथरत बसले. त्या दिवसापासून तिला उचलून घ्यायला हात पुढं करायचे आणि मागं घ्यायचे. गावाला मामांनी सांगितलं, पोरगी पायरीवरून पडली.

बाई आल्या. साध्या होत्या, पायांवर धूळ. मामांनी मुलाला परसात बसवून ठेवलं होतं, समोर येऊ नको म्हणून. बाई कन्नडमध्ये विचारायच्या, मास्तर मराठीत सांगायचे. आमच्यात सून सासऱ्यापुढं बसत नाही, बोलत तर नाहीच. मी दाराआड उभी. प्रश्न मला आणि उत्तरं मामांची.

"रातच्याला झोप लागती का, इचारायल्यात," मास्तर म्हणाले.

"लई लागती. हालवून उठवावं लागतंय तिला."

"काळजी वाटती का?"

"कशाची? आमी हाव की सगळे."

"जेवण जातंय का?"

"माझ्यापरीस दोन भाकरी जास्त खाती."

दारातून डोकावणारी शेजारची अक्का म्हणाली, "मामा, एवढी सुखी बाई असती तर मीच माझ्या नवऱ्याला फौजेत धाडला असता." सासूबाईंनी तिला डोळे दाखवले.

मग बाईंनी लेकीकडं बघितलं. ओठाला काय झालं?

"पायरीवरून पडली," मामा म्हणाले.

मी दाराआडून बाहेर आले. बाईंच्या समोर, मामांच्या देखत, खाली मांडी घालून बसले. माझं माहेर आळंदकडचं, कन्नड मला लहानपणापासून येते. मास्तरांना मध्ये बोलूच दिलं नाही. सरळ त्यांच्या भाषेत सांगितलं, पायरीवरून नाही पडली. मग कळशीचं सांगितलं, थरथरणं सांगितलं, दोन भाकरींचं खोटं आहे हेही सांगितलं. सुखात नाही म्हणाले. विचारलंत म्हणून सांगते, नसतं विचारलं तरी कधीतरी सांगितलंच असतं.

"उठ तिथनं," मामा म्हणाले.

"न्हाई उठत. प्रश्न मला हाय."

बाईंनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, हे वेड नाही, मी दुसऱ्याही घरांत ऐकलंय. मी फौजेची नाही, तुमचं नाव कोणाला कळणार नाही. पण तुमच्या यजमानांनी स्वतः जाऊन फौजेच्या डॉक्टरला सांगायला हवं, त्यावर इलाज आहे.

परसातलं दार वाजलं. हे आत येऊन उभे राहिले.

"अप्पा, तिला बोलू नगा. पोरगी माझ्या हातानंच पडली."

बाई निघून गेल्यावर मामा भडकले. "चावडीत काय तोंड दावू? येडा म्हनून घरी धाडतील त्याला. कामून बोललीस?"

"लेक तुमचा हाय, तसा नवरा माझा हाय. मला तो आख्खा पाहिजे. कपडे ऱ्हातील न्हाईतर जातील."

रजा संपल्यावर यांनी खरंच जाऊन फौजेच्या डॉक्टरला सांगितलं. बरेच दिवस दवाखान्यात होते. नोकरी गेली नाही, पण परत आघाडीवर नेमलं नाही, सामानाच्या कोठारावर बसवलं. बरोबरीचे हवालदार झाले, हे नाईकच राहिले आणि नाईक म्हणूनच पेन्शनीत आले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिनं नवऱ्याची हवालदारकी खाल्ली. मी म्हणायची, खाल्ली, आणि पचली पण. दुसऱ्या रजेत यांनी लेकीला खांद्यावर बसवून भालकीच्या बाजारात नेलं, रिबिनी घेऊन दिल्या. त्याच्यासमोरच्या तागडीत कोणाची हवालदारकी घालता, घाला.

मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले की तोंड उघडून मी त्यांच्या पोराचं नुकसान केलं. मी त्यांना वाढायची, औषध द्यायची आणि ऐकून घ्यायची. ऐकून झालं की म्हणायची, "मामा, उद्या परत कुणी इचारलं तर परत हेच सांगनार." ते तोंड फिरवून भाकरी मोडायचे.