इनासची मी काढलेली ओळ

इनास गेला आणि वसईच्या संगणकक्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली, असं मी शोकसभेत म्हणालो. खरं तर ती पोकळी चार वर्षांपूर्वी मीच केली होती आणि पंधरा दिवसांत नवा माणूस नेमून भरलीही होती.

आमचं छोटं ऑफिस एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट सांभाळायचं. इनास वटारहून स्कूटरवर यायचा, डब्यासोबत वाडीतली केळी आणायचा. शाळा शिष्यवृत्तीचे अर्ज एका फाइलमध्ये दाबून, लहान करून पाठवायच्या. आमचा सर्व्हर ते उलगडायचा. इनासनं त्यात एक ओळ घातली होती: उलगडता उलगडता मोजत राहायचं, ठरलेल्या मापापलीकडे गेलं की तिथंच थांबायचं.

"पण फाइलवर आकार लिहिलेला असतो ना?" मी विचारलं.

"सर, तो पाठवणाऱ्यानं लिहिलेला असतो. लग्नाच्या पत्रिकेवर वेळ असते, तसा."

संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो वेबसाइटवर चढेनात. बावन्न हार, बावन्न फोटो, एकच फाइल... मापाबाहेर. इनास रजेवर होता. मी ती ओळ काढली, पाहुणे खूश झाले. ओळ परत घालायची राहिली. त्याला सांगायचंही.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी कुठूनशी एक चिमुकली फाइल आली आणि उलगडत उलगडत अख्खा सर्व्हर व्यापून बसली. दोन शाळांतल्या मुलांचे अर्ज मुदतीत पोचले नाहीत. बैठकीत संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "चूक कोणाची?" मी म्हणालो, "तो भाग इनास बघतो." वाक्य खरं होतं, त्याचीच जास्त लाज वाटते. इनासनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि समोरची वही मिटली. विश्वस्त म्हणाले, त्याला काढा. मी काढलं.

तो वारल्याला महिना झाला, तेव्हाच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, फिलोमिनाला, सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. "कोणती ओळ कोणी काढली, ते नावासकट मशीनमध्ये राहतं म्हणे. सर्व्हर बंद पडला, त्याच दिवशी त्यानं पाहिलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"मीपण त्यावरूनच भांडले. म्हणाला, सर स्वतःच सांगतील, दोन दिवस थांब. आता मला कशाला सांगताय? जिथं त्याचं नाव घेतलंत, तिथं सांगा."

त्या बैठकीतल्या सातही विश्वस्तांना मी पत्र लिहिलं: ओळ मी काढली होती, इनासचा दोष नव्हता. आतापर्यंत चौघांची उत्तरं आली आहेत. तिघांनी विचारलंय, इनास कोण?