हात? बाहेर!

आमच्या वस्तीत तिला तोफ म्हणतात, आवाजामुळे. गल्लीच्या या टोकाला ती खोकली की त्या टोकाचं तान्हं दचकतं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती वाफेच्या प्रेसवर होती, आणि तिथे हा आवाज कामाचा होता.

प्रेसवर दोघी लागतात. एक चादर पसरते, दुसरी पायाने पॅडल दाबते आणि तापलेलं झाकण खाली येतं. वाफेत पॅडलवालीला समोरचीचे हात दिसत नाहीत. म्हणून ती ओरडते, "हात?" समोरची ओरडते, "बाहेर!" मगच पाय. हा नियम कुठल्या साहेबाने केला नाही. बायांनी केला, आणि बायांनीच पाळला.

तोफेच्या जोडीला पॅडलवर तिची धाकटी जाऊ. जावाजावा आणि उभा दावा, ही म्हण या दोघींना बघूनच कुणाला सुचली असावी. चुली वेगळ्या, नळावर बादलीवरून रोज ठिणगी. पण प्रेसवर एकीने विचारलं आणि दुसरीने उत्तर दिलं नाही, असं कधी घडलं नाही.

एक दिवस हॉटेलवाले पाहणीला आले. मुकादम म्हणाला, "आज आरडाओरडा नको, शोभत नाही. माना हलवून काम करा." वाफेत मान कुणाच्या बापाला दिसते? धाकटीला वाटलं, हलली. झाकण खाली आलं. तोफेचा डावा पंजा भाजला, दोन बोटं कायमची आखडली.

कंपनीने लगेच दोषी शोधला: धाकटी. तिला घरी बसवलं. चौकशीला हॉटेलकडून एक बाई येणार होती, तिला फक्त इंग्रजी कळायचं. त्याआधी मॅनेजर तोफेच्या घरी आला.

"तुमचं तिच्याशी तसंही पटत नाही," तो म्हणाला. "हलगर्जी तिची, एवढंच बोला. तुम्हाला गेटवर बसायचं काम देतो. बाकी आमचा दुभाषा सांभाळेल."

तोफ त्याच पावली आमच्या युनियनच्या खोलीत आली.

"भाऊ, मला इंग्रजी शिकवा. खऱ्याखोट्याचं तेवढंच. बाकीचा पसारा नको."

"दुभाषा आहे की."

"तो त्यांचं मीठ खातो. मी बोलेन एक, तो सांगेल भलतंच."

माझं इंग्रजी कोर्टाच्या नोटिसा आणि औषधांची खोकी वाचून आलेलं. हसणाऱ्याने खुशाल हसावं. मी सुरू केलं: ट्रूथ, लाय, ब्लेम, ट्रस्ट. प्रॉमिस तिने परत केलं. "हे नको, मॅनेजर रोज फुकट वाटतो." मोठी माणसं बोलताना आधी 'टू बी ऑनेस्ट' म्हणतात, असं सांगितलं तर विचारते, "मग तोवर काय बोलत होती?"

मी भडकलो. "शिकायचंय की फाटे फोडायचेत?"

"फोडल्याशिवाय लाकूड पेटत नाही, भाऊ. ट्रस्ट म्हणजे काय?"

"विश्वास."

"ते कळलं. पण त्या बाईला दाखवायचा कसा?"

मी पुढचा शब्द घेतला. घरी तोफ भांडी घासताना शब्द घोकायची. भिंतीपलीकडून धाकटी ओरडायची, "जाऊबाई, घसा बसलाय का? काय ते ट्रूथ ट्रूथ?"

"तुझ्यासाठीच कोकलतेय, भवाने!"

लाँड्रीच्या ऑफिसातल्या चौकशीला धाकटीलाही बोलावलं होतं, युनियनतर्फे मीही बसलो होतो. तोफ स्वच्छ बोलली, "मुकादमाने हाक बंद केली. म्हणून पंजा गेला. जावेचा दोष नाही." दुभाष्याने गुळगुळीत इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात तोफेने 'ब्लेम' पकडला, आणि पाठोपाठ त्याचं बोट धाकटीकडे वळलेलं पाहिलं.

तिने चांगला हात टेबलावर आदळला आणि दुभाष्यावर बोट रोखलं. "नो! लाय! ही लाय!"

खिडकीची काच थरथरली. बाईने दुभाष्याला हाताने थांबवलं आणि तोफेला सावकाश विचारलं, "डू यू ट्रस्ट हर?"

तोफ उठली. मी तोंड उघडलं, तर मला म्हणाली, "गप्प बसा भाऊ, आता माझं काम आहे." तडक प्रेसकडे गेली, आम्ही सगळे मागे. चादर पसरली, तिच्यावर उजवा पंजा ठेवला. धड उरलेला तेवढाच. वर झाकण फुसफुसत होतं.

"ये. पॅडलवर उभी राहा."

"नको हो, जाऊबाई."

"उभी राहा म्हणते ना! विचार."

"हात?"

तोफ गप्प. मॅनेजरने तोंड फिरवलं.

"हात?" धाकटीचा आवाज फुटला. पाय मात्र हवेतच.

तोफेने पंजा काढला. "बाहेर!" झाकण धाडकन खाली आलं.

मग ती मुकादमाकडे वळली आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "दॅट डे... ही से... नो हात. नो बाहेर." श्वास घेऊन म्हणाली, "ट्रूथ."

बाईने दुभाष्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुकादमाला स्वतःच विचारलं, "ट्रूथ?" आणि त्याची मान खाली गेली. ती मात्र सगळ्यांना दिसली.

धाकटी कामावर परतली. तोफेने गेटचं काम नाकारलं. "मी काय कुलूप आहे गेटवर लटकायला?" आखडलेल्या बोटांनी चादर पसरता येत नाही, म्हणून तिने पॅडल मागून घेतलं. पसरायला आता धाकटी असते. नळावरची बादली अजून मिटलेली नाही.

परवा हॉटेलवाले पुन्हा पाहणीला आले होते. तोफेने "हात?" विचारलं, ते आमच्या युनियनच्या खोलीत ऐकू आलं.