पांढऱ्याशुभ्र कुरडया

सगुणाआत्या गेल्याची बातमी आणि तिचा कुरडयांचा डबा एकाच एस.टी.नं सांगलीत आले. तिचा मुलगा श्रीपती दारात उभा, काखेत डबा. "आई गेली गं... ह्यो तिनं तुझ्या नावानं काढून ठेवला हुता," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. त्याला आता महिना होऊन गेला.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. कडेगावच्या बाजूला तिचं गाव आणि दारात मोठी चिंच. बहात्तरच्या दुष्काळात गावानं चाऱ्यासाठी झाडं ओरबाडली, पण आत्यानं आपल्या चिंचेवर कुणाला कोयता चालवू दिला नाही. मग आजूबाजूच्या साऱ्या राघूंनी मुक्कामाला तीच चिंच धरली. शेकड्यांनी यायचे आणि अंधार पडेपर्यंत भांडायचे. उन्हाळ्यात आत्या अंगणात बाजेवर जुनं धोतर पसरून कुरडया घालायची, आणि दिवस कलला की त्यांच्यावर वरून राघूंच्या शिटेचा अभिषेक सुरू. आत्या पितळी बडवत उभी राहायची. "दगूड पडूदेत तुमच्यावर, मेल्यांनो! माझंच झाड गावलं व्हय?" हसून आमची मुरकुंडी वळायची. त्या शिवीत राग थोडा आणि लाडच जास्त असायचा. शेजारीण फांद्या छाटा म्हणाली, तर हीच तिच्या अंगावर धावून गेली होती.

दुष्काळ सरल्यावरच्या वैशाखात मी तिथंच होते. राघू नुकते चिंचेवर टेकले होते, आणि वळीव आला. आधी वारा, मग लिंबाएवढ्या गारा. पत्र्यावर असा कल्ला, की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर बाहेर आलो, तर अंगण हिरवंगार. झडलेला पाला असेल असं मला वाटलं... जवळ गेल्यावर लाल चोची दिसल्या. धुगधुगी होती तेवढे आत्यानं पदरात वेचले आणि चुलीजवळ, उबेला, कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवले. सकाळी डालगं उचललं, तेव्हा एकही हलत नव्हता.

"मीच म्हणलं हुतं गं, दगूड पडूदेत."

"तुझ्या शब्दात एवढी ताकद हाय, तर दुष्काळात पाऊस न्हाई का पाडलास?" तिला हसवावं म्हणून मी बोलले.

"त्यासाठी बी देवाला लय म्हणलं हुतं, बाई. त्ये न्हाई आयकलं त्यानं... ह्येच तेवढं आयकलं."

वाचलेले राघू पुन्हा त्या झाडावर आले नाहीत. त्यानंतर आत्याच्या तोंडून कधी शिवी निघाली नाही, अंगणात घुसलेल्या गाईलासुद्धा नाही. संध्याकाळी कुरडया उचलायला ती मुद्दाम उशीर करायची, चिंचेकडे बघत. शेवटच्या उन्हाळ्यातही करायची, असं श्रीपती सांगत होता. तिच्या मनातून ते कुणालाच काढता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

डबा फळीवर तसाच आहे. मुलं 'कुरडया तळ' म्हणतात, पण माझा हात होत नाही. झाकण काढलं, की कुरडया पांढऱ्याशुभ्र निघणार, एकीवरही डाग नसणार, हे मला ठाऊक आहे.